झील ओढणारी

मराठीत एखाद्याला कमी लेखायचं असलं की म्हणतात, तो काय, अमक्याची झील ओढतो. म्हणजे पुढचा जे म्हणेल तेच हा मागून म्हणतो, स्वतःचं डोकं चालवत नाही. ज्या कुणी ही बोलायची रीत पाडली त्याने जन्मात कधी झील ओढलेली नसणार. मी झील ओढणाऱ्या बाईच्या पोटची आहे, म्हणून ठामपणे सांगते. पुढे गाणारा ओळ संपवून श्वास घेतो, तेवढ्यात गाणं जमिनीवर पडू नये म्हणून मागचे ते वरच्या वर झेलतात. पुढच्याचा श्वास कुठे तुटणार हे मागच्याला त्याच्याही आधी कळावं लागतं. हे काही हांजी हांजी करणाऱ्याचं काम नव्हे.

आमच्या घरी बाबा पुढे गायचे आणि आई झील ओढायची. बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत बाबांची नोकरी होती, आणि खाणीच्याच क्वार्टरमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ वाढलो. ड्यूटी संपली की बाबा पेटी काढून बसत. जयंतीच्या महिन्यात त्यांच्या गायन पार्टीला बालाघाटपर्यंत आणि त्याच्याही पुढे पार गोंदियापर्यंत बोलावणी असत. गाणी चळवळीची, आणि बरीचशी बाबांनी स्वतः जुळवलेली. त्यांतलं एक आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांची आजी गावच्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन दिवस दिवस उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. त्यावरचं ते गाणं. बाबा विचारायचे, "पाणी कोणाचं ग माय, पाणी कोणाचं?" आणि आई मागून उत्तर द्यायची, "पाणी तहानेचं ग माय, पाणी तहानेचं." पुढे प्रत्येक कडव्यात बाबांचा प्रश्न बदलायचा. आईचं उत्तर मात्र तेच राहायचं, आणि दर वेळी ते जास्त खरं वाटायचं.

बाबा गेले त्याला आता तीन हिवाळे झाले. ते निवृत्त झाल्यावर आम्ही बालाघाटला घर बांधलं होतं, तिथेच गेले. आईने सगळं नीट केलं. आल्यागेल्याला चहा विचारला, बाबांची पेटी जुन्या चादरीत बांधून पलंगाखाली सरकवली. फक्त गाणं बंद झालं. विहारात वंदना चालू असताना तिचे ओठ हलायचे, आवाज नाही. पुढच्या जयंतीला वॉर्डातल्या बाया घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी गाऊ नोका, पन झील तरी ओढा." आईने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "ओढू कोनाची?" बाया चहा पिऊन निघून गेल्या.

गाणं थांबलं तोवर मी समजून घेत होते. नंतर तिचं रागावणंही थांबलं, तेव्हा मी घाबरले. आमची आई म्हणजे भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारच्या तीन घरांना कळावं अशी बाई होती. ती आता मिळेल ते मुकाट्याने खायची, तेही दोन घास, आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, म्हणाले सगळं ठीक आहे. मला ठीक दिसत नव्हतं. माणूस जिवंत असताना थोडा थोडा निघून जातो हे मी रोज शाळेतून आल्यावर पाहत होते. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, मोबाईलवर बाबांची जुनी रेकॉर्डिंग लावून पाहिली. रेकॉर्डिंग लागलं की ती उठून अंगणात जायची.

भावाचा साउंड सर्व्हिसचा धंदा आहे. गायकाचा मुलगा असून तो आयुष्यात माइकवर एवढंच बोललेला आहे, "हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री." यंदा पौष महिन्यात तो म्हणाला, "ताई, बैहरले प्रोग्राम हाय. आदिवासी पोराइनं ठेवला, दिवसाचाच हाय. आईले बी घेऊन जाऊ. घरी भिंतीलेच पाह्यत राह्यते." रविवार होता, मी पण निघाले. पिकअपमध्ये मागे बॉक्स, मशीन, स्टँड, दोरखंड आणि पुढे आम्ही तिघं दाटीने. आईने "काहून नेऊन राह्यला मले?" एवढंही विचारलं नाही.

बैहरचा रस्ता उकव्यावरूनच जातो. खाणीकडे वळणारा फाटा आला तशी आईने डोळे मिटले. भावाने गाडी जोरात काढली. घाट लागल्यावर तिने डोळे उघडले आणि सालाच्या झाडांकडे पाहत राहिली. मला वाटलं, उगाच आणलं हिला.

बैहरला शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. थंडी अशी की ऊन असूनही लोक शाली सोडत नव्हते. पुढे पाहुण्यांसाठी पांढरे अभ्रे घातलेले सोफे, त्यामागे खुर्च्या, त्यामागे सतरंज्या, आणि त्यामागे खरी गर्दी, म्हणजे पायी आणि जीपने आलेली गावंच्या गावं. बाजारच्या रस्त्यावरही ऐकू गेलं पाहिजे असं आयोजक पोरांनी सांगितलं होतं, म्हणून भावाने फाटकाजवळच्या मोहाच्या झाडावर जुने दोन पोंगे, म्हणजे भोंगे, रस्त्याकडे तोंड करून बांधले. त्याला ते काम पटत नव्हतं. "पोंग्यानं आवाज फाटते," असं पुटपुटत तो झाडावर चढला होता.

मी मनातून कुरकुरतच बसले होते. आमच्याकडे कुणी मंत्री-संत्री आला की आदिवासी बायांना उन्हात ओळीने उभं करतात. पाहुण्याची गाडी दिसली की नाचा, गाडी गेली की थांबा. शिक्षकांना अशा ठिकाणी सक्तीने जावं लागतं, त्यामुळे मी ते पुष्कळ पाहिलेलं आहे आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलेलं आहे. आजही तसंच काही असेल असं मी धरून चालले होते.

पण पहिल्यांदा आली ती गिटार घेतलेली पोरं. जीन्स, डोक्याला पिवळं फडकं, एकाच्या गळ्यात मांदर. मांदर म्हणजे मातीच्या खोडाचा लांबट ढोल. त्यांनी गोंडीत आणि हिंदीत मिसळून गाणी म्हटली. जंगल कुणाचं, लाकडाची मोळी चोरी कशी झाली, आजोबाची कुऱ्हाड कुणी जप्त केली. अक्षरन् अक्षर तक्रारीचं होतं, आणि मागची गर्दी नाचत होती. म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या, लेकरं खांद्यावर उड्या मारत होती. मी आईकडे पाहिलं. ती हात पदरात गुंडाळून बसली होती, पण पाहत होती. भिंतीकडे पाहायची तसं नव्हे.

सोफ्यावरचे पाहुणे अर्ध्या तासाने घड्याळ बघून उठले. ते गेल्यावर सगळ्यांनाच जरा मोकळं वाटलं. सतरंजीवरचे लोक खुशाल सोफ्यावर येऊन बसले, आणि आईला आणि मलाही पहिल्या रांगेत जागा मिळाली.

मग निवेदक पोराने बिरसा तालुक्यातल्या एका बैगा आदिवासी गावाचं नाव पुकारलं. म्हणाला, हे गाव आता नकाशावर नाही. आताची म्हातारी माणसं लहान होती तेव्हा ते जंगलातून उठवलं गेलं, आणि उठवताना दोन ठिकाणी वाटलं गेलं. अर्धी घरं एका टेकडीखाली, अर्धी एका नाल्यापलीकडे. पण गावाच्या करमा नाचाच्या गाण्याला समोरासमोर माणसांच्या दोन ओळी लागतात. एक ओळ विचारते, दुसरी सांगते. विचारणारी घरं एकीकडे गेली आणि सांगणारी दुसरीकडे. "इसलिए साल में जब ये लोग गाने मिलते हैं, तभी गाँव पूरा होता है," तो म्हणाला.

मंचावर सात-आठ बाया चढल्या. पायांवर, हातांवर गोंदण, केसांत गवताच्या विणलेल्या लांब माळा, हातात ठिसकी म्हणून लाकडाच्या टिपऱ्या. मांदर घेतलेले दोन पुरुष. पुढे एक म्हातारी, एवढीशी, माझ्या खांद्याइतकीसुद्धा नसेल. भावाने त्यांच्यासाठी लोकांकडे तोंड करून माइक ओळीने लावून ठेवले होते. त्या आल्या आणि माइककडे सरळ पाठ करून, एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या राहिल्या. भावाने धावत जाऊन माइक फिरवले. त्यांनी पुन्हा जागा बदलली. भाऊ पुन्हा धावला. मागची गर्दी हसायला लागली. शेवटी म्हातारीने त्याला हाताने बाजूला केलं आणि सगळ्या बाया मंचावरून खाली उतरून मैदानात आल्या. मंचावर दोन ओळी समोरासमोर मावत नव्हत्या, एवढंच कारण होतं. या बाया लोकांसाठी गात नसतात, समोरच्या ओळीसाठी गातात. लोकांना ऐकायचं तर त्यांनी ऐकावं.

पण समोर ओळच नव्हती. नाल्यापलीकडच्या घरांची जीप वाटेत बंद पडली होती. निवेदक पोराला फोन आला, तो कानाला लावून हो हो म्हणत राहिला, आणि मग म्हातारीजवळ येऊन हात जोडून म्हणाला, "अम्मा, आप लोग ही गा दीजिए. आधा ही सही."

म्हातारी जमिनीवर बसली. तिच्याबरोबर तिची सगळी ओळ बसली. ती रागावलेली नव्हती. सकाळी कुणी विचारावं भाजी काय करू, आणि आपण सांगावं, इतक्या साधेपणाने ती म्हणाली, "पूछबो त जवाब कोन दिही?"

आम्ही विचारू, पण उत्तर कोण देणार?

पोरगा म्हणाला, दूसरे माइक पर हम लोग दे देंगे अम्मा. म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. गाताना कळतं पोरा, तुम्ही गिटारवाले श्वास पाहत नाही, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली आणि तिच्या बाया हसल्या. भाऊ चालू माइक हातात घेऊन त्यांच्यामागे मैदानात उतरला होता. तिचं बोलणं पोंग्यांतून बाहेर रस्त्यावर गेलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या आईच्याही कानात गेलं.

मला आधी कळलंच नाही. शाल माझ्या मांडीवर पडली तेव्हा मी वळून पाहिलं. आई उठली होती. ती सोफ्यांच्या आणि त्या बायांच्या मधल्या रिकाम्या जागेत चालत गेली, हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत. मी "आई, कुठं?" म्हणत मागे गेले. ती म्हातारीसमोर उभी राहिली. उकव्याच्या आठवडी बाजारात तिचं आयुष्य गेलं, तिथली हिंदी तिच्या तोंडात बसलेली आहे.

"बाई," ती म्हणाली, "हमको बोल नई आते तुम्हारे. पर पीछे गाना आता है. पूरी उमर वोच किया."

म्हातारीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "काकर पाछू?" कुणाच्या मागे?

आई म्हणाली, "मालक के. गए वो."

म्हातारी उठली. तिने काही समजूत घातली नाही, हात धरला नाही, डोळे पुसले नाहीत. आपल्या ओळीतल्या दोन बायांना तिने आईकडे ढकललं, आईचा एक हात एकीच्या कमरेत घातला, दुसरा दुसरीच्या, आणि स्वतः समोर जाऊन उभी राहिली. मांदरावर थाप पडली. भाऊ माइक हातात घेऊन दोन ओळींच्या मधोमध उकिडवा बसला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

म्हातारीने विचारलं:

"गाँव ला कोन उठाइस रे, रुख ला कोन बलाही?"

गाव कुणी उठवलं, आणि आता झाडांना हाक कोण मारणार? मी आयुष्यात पुष्कळ घोषणा ऐकल्या आहेत, दिल्याही आहेत. मूठ वळून दिलेल्या. या बाईने मूठ वळली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. ती फक्त विचारत होती, आणि ज्याने कुणी ते गाव उठवलं तो कुठेही लपला असता तरी या प्रश्नापुढे त्याला बसता आलं नसतं. एवढ्याशा देहातून तो आवाज निघत होता, मोठा नव्हे, पण खोल. आमच्या खाणीत खालच्या पातळीवर कुणी बोललं तर वर ऐकू यायचं, तसा.

ओळ संपायच्या जराशी आधी मी आईचे खांदे वर झालेले पाहिले. तिने श्वास घेतला होता. म्हातारीचा श्वास तुटला, आणि त्याच क्षणी आईने शेवटचे शब्द उचलले.

"रुख ला कोन बुलाही..."

तीन हिवाळ्यांत मी हा आवाज ऐकला नव्हता. तो गंजलेला होता, मधेच चिरकला, 'बलाही'चं तिने 'बुलाही' केलं. समोरच्या बाया खुदकन हसल्या. म्हातारीने हसतच दुसरा प्रश्न टाकला. जुन्या गावच्या देवाजवळ दिवा कोण लावेल? आईने तोही उचलला. तिसरा, चौथा. पावलं तिला येत नव्हती, दोन्हीकडच्या बाया तिला कमरेने उचलून पुढेमागे नेत होत्या. मी तोंड उघडं टाकून उभी होते. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

मला वाटतं पाचवा प्रश्न असेल. म्हातारीची ओळ संपली, आईने श्वास घेतला, आणि उत्तर भलतीकडूनच आलं. फाटकाबाहेरून. रस्त्यावरून. माइकशिवाय, वीस-पंचवीस गळ्यांतून. मोहावरच्या पोंग्यांतून गेलेला प्रश्न बंद जीप सोडून पायी निघालेल्या नाल्यापलीकडच्या घरांनी रस्त्यावर ऐकला होता, आणि त्यांनी वाटेतच उत्तर द्यायला सुरुवात केली होती. सगळं मैदान मागे वळलं. ती माणसं फाटकातून आत आली, धुळीने भरलेली, लेकरं काखेत, चपला हातात, आणि गात. एकानेही गाणं थांबवून कुणाला रामराम केला नाही. गर्दीने वाट दिली. ती ओळ तशीच चालत येऊन म्हातारीसमोर उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांदेखत एक गाव पुरं झालं.

मी धार्मिक बाई नाही. पण त्या वेळी मला कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं, आणि कुणाच्या ते कळेना.

काय आनंद चालला होता तिथे! गाणं हरवलेल्या गावाचं, आणि बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या, उशीर केला म्हणून चिडवत होत्या, जीपवाल्याच्या नावाने गाण्यातच एक ओळ जोडत होत्या. नंतर पाणी पिताना मी म्हातारीला विचारलंही, इतकं दुःखाचं गाणं आणि तुम्ही हसता कशा? ती म्हणाली, "रोए बर त घर हे. इहाँ काबर रोबो?" रडायला घर आहे, इथे कशाला रडू? मला तिला सांगावंसं वाटलं की आमच्याकडे घरातही रडलं गेलं नाही, तिथेच सगळं अडलं. पण हे सगळं नंतरचं.

आता खरी ओळ आली म्हणून आईने दोन्हीकडचे हात सोडवले आणि ती बाजूला व्हायला लागली. म्हातारी चटकन पुढे आली आणि तिने आईचा पदर धरला. मांदर थांबला. म्हातारीचं म्हणणं असं की ज्याने उत्तर दिलं त्याला तसंच जाता येत नाही. त्याने आता आपला प्रश्न टाकायचा, आणि गावाने उत्तर द्यायचं. पाहुण्याचं गाणं घेतल्याशिवाय गाव जेवायला बसत नाही. रीत आहे.

आई गोंधळली. "नाई बाई," ती म्हणाली, "हम आगे नई गाते. आगे वो गाते थे."

"वो त गिस," म्हातारी म्हणाली. तो तर गेला. आईला हे इतकं सरळ आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही मुलांनीसुद्धा नाही. आम्ही म्हणायचो, बाबा आपल्यातच आहेत.

आई तशीच उभी राहिली. समोर एक अख्खं गाव, मागे हजारभर माणसं. भाऊ माइक घेऊन तिच्याजवळ सरकला. आईने डोळे मिटले, सकाळी उकव्याच्या फाट्याला मिटले होते तसे. मी मनात म्हणत होते, नाही जमलं तर नाही जमलं, घरी जाऊ.

"पाणी कोणाचं ग माय," तिने सुरू केलं, "पाणी कोणाचं?"

बाबांची ओळ. बाबांच्या पट्टीत नाही, तिच्या स्वतःच्या. लगेच पुढे, आयुष्यभराच्या सवयीने, ती स्वतःच उत्तर द्यायला लागली, "पाणी तहानेचं ग माय, पाणी..." आणि म्हातारीने तिच्या दंडावर हात ठेवला.

"तैं पूछ बाई," ती म्हणाली. "जवाब हमर हे."

तू विचार. उत्तर आमचं.

आईने डोळे उघडले. कोणीतरी शब्दाचा अर्थ विचारला, मी मागून ओरडून सांगितला, तहान म्हणजे प्यास. आईने पुन्हा विचारलं, "पाणी कोणाचं ग माय, पाणी कोणाचं?" आणि दोन्ही ओळींनी मिळून, दोन ठिकाणी वाटलेल्या त्या गावाने, आपल्या बोलीत उत्तर दिलं, "पानी पियास के ओ दाई, पानी पियास के!" मांदर आणि ठिसकी एकदम कोसळल्या. जे उत्तर आमच्या क्वार्टरमध्ये एकटी आई द्यायची, ते मैदानभर उभं राहिलं. बाबांच्या आजीची घागर त्या दिवशी बैहरला भरली, असं मी म्हटलं तर कुणी हसू नये.

आईने सगळी कडवी म्हटली. एक विसरली, तिथे तिने स्वतःचं घातलं. बाबा असते तर भांडले असते.

त्या दोन्ही ओळींबरोबर पत्रावळीवर भात आणि डाळ जेवून आम्ही निघालो तेव्हा ऊन कललं होतं. आईने तीन वेळा भात घेतला. भाऊ नाक ओढत गाडी चालवत होता आणि थंडी बाधली म्हणत होता. घाट उतरून उकव्याचा फाटा आला तसा त्याने सवयीने वेग वाढवला.

"थांबव," आई म्हणाली.

त्याने गाडी बाजूला घेतली. फाट्यावरून खाणीकडचा तांबूस-काळा रस्ता दिसत होता, आणि दूर क्वार्टरचे दिवे एक एक लागत होते. आई काच खाली करून तिकडे पाहत राहिली. मग रडली. मोठ्याने, तोंड न झाकता, जसं तीन वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तसं. आम्ही तिला रडू दिलं. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, घसा साफ केला आणि त्या रस्त्याकडे पाहत विचारलं, "पाणी कोणाचं ग माय, पाणी कोणाचं?"

आणि थांबली.

मला वाटलं, आता तीच पुढे म्हणेल. भावालाही तसंच वाटलं असावं.

"झोपले का दोघंबी?" आई म्हणाली. "मी इचारून राह्यली. जवाब कोन देईन?"

माझा आवाज फाटका आहे. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा मी हळू म्हणते. आणि भाऊ तर माइक टेस्टिंगच्या पुढे कधी गेलेलाच नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि सुरू केलं. तो आधी, मी नंतर, दोघं दोन पट्ट्यांत, "पाणी तहानेचं ग माय..."

आईने कपाळावर हात मारला. "काय हे! एवढ्या मोठ्या गवय्याचे लेकरं तुमी, अन् असं गाता? पह्यले आयका श्वास कुठी तुटते तं, अन् मंग उचला. तू मास्तरीन असून तुले एवढं नाई समजत?"

ती मला रागावत होती. मी हसायला लागले, भावाने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"हासू नोका," ती म्हणाली, आणि तिने पहिली ओळ पुन्हा विचारली.